यादी तुमच्याकडे आहेच, ती आता कलेक्टर ऑफिसला द्या : खानदेशच्या खासदार-आमदारांना खुलं पत्र

खानदेशातले सगळे खासदार, आमदार, जिल्हा परिषद सदस्य आणि धुळे, नंदुरबार, जळगावचे कलेक्टर साहेब,

सप्रेम नमस्कार.

पहिलेच सांगून टाकतो, हे पत्र कुठल्या एका पक्षाच्या विरोधात नाही. दादा, भाऊ, आप्पा, नाना असं आम्ही तुम्हाला म्हणतो, तुम्ही लग्नाला येतात, दारावर येतात, तेराव्यालाही येतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे आणि ती एकट्याला फोन करून सांगण्यासारखी राहिली नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

मी शिंदखेडा तालुक्यातला. गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, पॅन कार्ड, पीक विमा, लाडकी बहीण, रेशनचं केवायसी, दहावीच्या रिझल्टची प्रिंट, जे येईल ते करतो. त्याआधी सुरतला उधन्यात एका डाइंग मिलमध्ये हिशोबाला होतो. मोठा भाऊ अजून तिकडेच मिलमध्ये आहे, लिंबायतला खोली घेऊन राहतो, वहिनी साड्यांना लेस लावायचं काम घरी आणते, पुतण्या तिथल्या मराठी शाळेत जातो. आई गावात माझ्याजवळ. खानदेशात असं घर नवीन नाही, आमच्या गल्लीत तरी ज्याच्या घरातलं कोणीच बाहेर नाही असं घर शोधावं लागेल.

तर झालं असं की रेशन दुकानाच्या भिंतीवर एक कागद चिकटवला गेला. नावं वगळलेल्यांची यादी, समोर शेरा "स्थलांतरित, केवायसी नाही". त्यात माझा भाऊ, वहिनी आणि पुतण्या. आईच्या कार्डावर आता आई एकटी राहिली. गावातले असे बरेच, पुण्याला चाकणला असलेले, नाशिकला अंबडला असलेले, ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेले. मी कचेरीत विचारायला गेलो. टेबलावरचे साहेब चांगले बोलले, रागावले वगैरे नाहीत, खुर्ची दिली. म्हणाले, भाऊ, ही माणसं कुठे आहेत, जिवंत आहेत का, परत येणार का, याची शासनाकडे काहीच माहिती नाही, माहितीच नाही तर नाव कसं ठेवणार.

आता ह्या वाक्यावरच मला बोलायचंय. कारण माहिती आहे. शासनाकडे नसेल, तुमच्याकडे आहे.

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं. त्याच्या थोडे दिवस आधी माझ्या दुकानात बूथची पोरं प्रिंट काढायला आली. एक्सेलची लिस्ट होती. मतदाराचं नाव, वय, यादी भाग, अनुक्रमांक, इथपर्यंत ठीक, ते सगळं आयोगाच्या यादीतच असतं. पण त्याच्या पुढचे कॉलम बघा : सध्या कुठे, शहर, एरिया, मोबाईल नंबर, कोणासोबत येणार, कोणती गाडी. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भोसरी, चाकण, सातपूर असं एकेकाच्या नावापुढे नीट भरलेलं. एका बाईच्या नावापुढे तर "बाळंतीण, येणार नाही" असंही लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाची पोरं आली, त्यांची लिस्ट जवळपास तशीच. मी दोघांकडून प्रिंटचे पैसे घेतले, सेम रेट.

आणि लिस्ट नुसती कागदावर नव्हती, ती चालली. गाड्या गेल्या, रात्रीतून माणसं आली, सोनगीर नाहीतर नवापूरजवळ चहा-नाश्ता झाला, मतदान करून संध्याकाळी परत सुरतला पोचली कारण मिलवाला खाडा धरतो. मतदानाची पगारी सुट्टी कायद्यात लिहिलेली आहे, पण दुसऱ्या राज्यातल्या इलेक्शनसाठी सेठ ती देतो असं मला कोणी सांगितलेलं नाही. बाहेर राहून मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगानं जानेवारी 2023 मध्ये रिमोट मशीन पक्षांना दाखवायला बोलावलं होतं, पक्षांनीच शंका काढल्या आणि विषय तिथेच राहिला. शंका खऱ्या असतील, मी मशीनमधला जाणकार नाही. पण तोपर्यंत गाडीवाली पद्धत मात्र मस्त सुरू आहे.

म्हणजे कोण माणूस कुठल्या शहरात, कुठल्या गल्लीत, कोणत्या नंबरवर सापडतो हे शोधायला खानदेशात अडचण येत नाही. फक्त काम कुणाचं आहे त्याच्यावर ते ठरतं. एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी पुढे जे लिहितोय ते ह्याचेच फाटे.

आधी रेशनचंच घेतो. केवायसी देशात कुठल्याही रेशन दुकानावर होतं, मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं, वन नेशन वन रेशन कार्ड 2022 पासून सगळ्या राज्यांत आहे. कागदावर सगळं बरोबर. प्रत्यक्षात काय होतं ते माझ्या भावाचंच सांगतो. तो सुरतच्या एका दुकानावर गेला तर दुकानदार म्हणाला महाराष्ट्राच्या कार्डाचा माल माझ्याकडे येत नाही. तो बोलला ते खरं का खोटं हे विचारायला भावाला वेळ नाही, बारा तासाची शिफ्ट आहे. मशीनवर अंगठा लावला तर अंगठा लागेना. डाइंगमध्ये वर्षानुवर्षं केमिकलमध्ये हात घातलेल्या माणसाचा अंगठा मशीन ओळखत नाही, ऊस तोडणाऱ्यांचं पण तेच. बरं हे सांगायचं कोणी? रेशन दुकानदार गावातला आहे, माझ्या भावाला लहानपणापासून ओळखतो, त्याचा नंबर त्याच्याकडे आहे. एक फोन केला असता तर चेहऱ्याचं केवायसी मीच व्हिडिओ कॉलवर समजावून करून घेतलं असतं. पण फोन करा असं वरून कोणी सांगितलं नाही, नाव काढा असं सांगितलं. आमचं कार्ड अंत्योदयचं नाही, माणशी पाच किलोवालं आहे, म्हणजे तीन नावं गेली की महिन्याचं पंधरा किलो गेलं. तेवढ्यानं आम्ही उपाशी मरत नाही हे मला कळतं. पण ज्या घरात म्हातारा-म्हातारी आणि सांभाळायला ठेवलेली दोन नातवंडं आहेत, आईबाप ऊसतोडीला, तिथे पंधरा किलो म्हणजे काय ते तुम्हाला सांगायची गरज नसावी.

लाडकी बहीणचं तर अजून वेगळंच. केवायसीला नवऱ्याच्या आधारचा ओटीपी लागतो. नवरा मिलमध्ये, मोबाईल आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा. बाई माझ्या दुकानात बसलेली, ओटीपी येतो तिकडे गेटवरच्या कपाटात, आणि दहा मिनिटांत संपतो. एक मावशी वैतागून म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो : "भाऊ, आठे बी नाव नही, तठे बी नाव नही, मंग आम्ही शेतस कोठला?" म्हणजे इथेही नाव नाही, तिथेही नाही, मग आम्ही आहोत कुठले. मी तिला उत्तर दिलं नाही, चहा मागवला.

दुसरी गोष्ट मजुरांच्या नोंदणीची. ई-श्रम पोर्टल 26 ऑगस्ट 2021 ला सुरू झालं, देशात 30 कोटींच्या वर नोंदी झाल्या, त्यातल्या आमच्या पंचक्रोशीतल्या बऱ्याच मी केल्या. लोक कार्ड लॅमिनेशन करून घेऊन जातात आणि परत येऊन विचारतात भाऊ ह्याचं पुढे काय. काय सांगू? बांधकाम कामगार मंडळाचं तर विचारूच नका. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का सेस जमा होतो, तो खऱ्या बांधकाम मजुरासाठी आहे, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे. पुण्यात स्लॅबवर काम करणारा आमच्या गावचा पोरगा, त्याला ठेकेदार दाखला देत नाही, कारण दाखला दिला तर मजूर आपल्याकडे आहे हे कबूल करावं लागतं. आणि गावात ज्यांनी कधी घमेलं उचललं नाही त्यांच्या घरी मंडळाची पेटी पण आहे आणि भांड्यांचा सेट पण आहे. हे तुम्हाला माहिती नाही असं म्हणता येणार नाही, वाटपाच्या कार्यक्रमाला स्टेजवर तुम्हीच होतात.

वर आता कायदाही बदलला. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, पाच मजूर असले तरी लागू व्हायचा, ठेकेदाराला लायसन्स, मजुराला पासबुक, घर सोडून गेल्याबद्दल विस्थापन भत्ता असं सगळं त्यात होतं. तो पाळला कोणी ते सोडा, पण कागदावर तरी होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड लागू झाले, त्यात पाचाचे दहा झाले आणि विस्थापन भत्ता गेला. आमच्याकडून जाणाऱ्या कितीतरी टोळ्या सहा-सात जणांच्या असतात, त्या कायद्याच्या बाहेरच पडल्या. चांगलंही आहे त्यात, ते पण सांगतो नाहीतर म्हणाल नुसतं रडतो : स्वतःहून कामाला गेलेला मजूरही आता स्थलांतरित धरला जातो, येण्याजाण्याच्या भाड्याची तरतूद आहे, हेल्पलाइन काढायचं लिहिलंय, रेशन गावी घ्यायचं का कामाच्या राज्यात हे मजुराच्या मर्जीवर सोडायची योजना सरकारनं करायची आहे, बांधकाम सेसचा फायदा कामाच्या राज्यात मिळायची पण. सगळं "सरकारनं करायचं आहे" मध्ये आहे. तुमच्यापैकी किती जणांनी विधानसभेत नाहीतर लोकसभेत विचारलं की ते कधी करणार? मी शोधलं, मला तरी सापडलं नाही. विचारलं असेल तर लिंक पाठवा, मी स्वतः दुकानात फ्लेक्स लावतो.

ऊसतोडीबद्दल मी जपून लिहितो कारण ते माझं घर नाही, साक्री, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव तिकडच्या आदिवासी भावंडांचं ते जगणं आहे आणि त्यांनी स्वतः बोललेलं बरं. पण दुकानात येतात, कागद दाखवतात, तेवढं बघितलंय. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघं राबतात, हिशोब कोयत्याचा होतो आणि तो नवऱ्याच्या नावावर. दिवाळीआधी मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती फेडताना दीडपट कापली जाते असं कित्येक जण सांगतात, म्हणजे उचल दहा हजार असेल तर पंधरा. हंगाम संपला तरी उचल संपत नाही, मग पुढच्या वर्षी परत तोच मुकादम. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळ आहे, राज्यातले कारखाने टनामागं 10 रुपये देतात. आता जो नंदुरबारचा माणूस बारडोली, चलथाण, मढीच्या कारखान्याचा ऊस तोडतो त्याच्या टनाचे दहा रुपये कोण देणार? तो कारखाना गुजरातचा, मजूर महाराष्ट्राचा, आणि दोन्ही सरकारं आपापल्या जागी बरोबर आहेत! ह्यावर दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांना एका टेबलावर बसवायचं काम मजुराच्यानं होणार नाही, ते तुमचंच आहे. आणि हे काही जगावेगळं मागत नाही, ओडिशा आणि त्यावेळच्या आंध्रनं वीटभट्टी मजुरांसाठी 2012 मध्येच आपसात करार केला होता, केरळनं बाहेरून आलेल्या मजुरांसाठी 2017 पासून विमा काढला, झारखंडनं लॉकडाऊनपासून स्थलांतरितांसाठी कंट्रोल रूम चालवली. झारखंड आपल्यापेक्षा श्रीमंत राज्य आहे का?

पोरांच्या शाळेबद्दल एक गोष्ट सुरतच्या बाजूनं सांगितली पाहिजे. सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती सोडून मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमातही आहेत, पुतण्या त्यातच शिकतो, पुस्तकं मिळतात, मास्तर बरे आहेत. शहरानं आपलं काम काही प्रमाणात केलंय. अडतं कुठे, तर ऊसाच्या फडावर जाणाऱ्या पोराचं, तिथे जवळ मराठी शाळा नाही. आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड नावाची गोष्ट आहे, पोरगं गावातून निघताना मास्तरनं ते द्यायचं म्हणजे दुसऱ्या शाळेत बसता येतं. गुजरातच्या शाळेत ते कार्ड दाखवलं तर कोणी ओळखत नाही. पटावर मात्र पोरगं गावात हजर असतं.

वारल्यावर काय होतं तेही लिहितो, थोडक्यातच लिहितो कारण ज्यांच्या घरात झालंय ते वाचतील. शहरात मजूर कामावर वारला तर पोस्टमार्टेम, पोलीस स्टेशन, मग शववाहिका, आणि राज्याची हद्द ओलांडायची म्हटल्यावर सरकारी गाडी मिळत नाही, प्रायव्हेटवाला रात्रीचा रेट लावतो. पैसे गावातले लोक फोन पे वर जमा करतात, त्या ग्रुपचा ॲडमिन मीच असतो. ठेकेदार कुठे असतो? त्याचा फोन बंद असतो. भरपाई मागायची तर तो तिथे कामाला होता हे सिद्ध करा म्हणतात. परत तेच, नोंद. आणि नुसतं मोठ्या शहरातच असं नाही, फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून 15 मजूर वारले ते आपल्याच खानदेशात धुळ्याकडून रावेरकडे परत येत होते, मालाच्या वर बसून. तेव्हा सगळे भेटायला गेलात, ते चांगलं केलंत. मालट्रकवर माणसं बसवून न्यायचं त्यानंतर थांबलं का, हे हायवेला उभं राहून एकदा बघा.

आता शहरांचं. सुरत 1991 च्या जनगणनेत 15 लाखाच्या आसपास होतं, 2011 ला 44 लाखाच्या वर गेलं. पुणे महापालिकेत 2017 ला 11 गावं आणि 2021 ला 23 गावं घेतली, तेव्हा क्षेत्रफळात ती राज्यात सगळ्यात मोठी झाली. ही सगळी वाढ काय तिथल्या तिथे जन्मलेल्या लोकांची नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील हे मूळ जळगाव जिल्ह्यातले, लिंबायत-उधन्याचा भाग त्यांच्याच मतदारसंघात येतो, म्हणजे आपली माणसं तिकडे किती आणि कुठवर गेली ते समजून घ्या. मला अभिमानच आहे त्याचा. शहरात जाऊ नका असं मी कोणाला म्हणणार नाही, मी स्वतः गेलो होतो, तिथे जे शिकलो त्यावरच आज दुकान चालतंय. माझं भांडण जाण्याशी नाही. जाणं हा एकच रस्ता ठेवलाय त्याच्याशी आहे.

16 फेब्रुवारी 2019 आठवतो का? पंतप्रधान धुळ्याला आले होते, तुमच्यातले बरेच जण स्टेजवर होते, मी गर्दीत मागे होतो. त्या एका दिवशी सुलवाडे-जामफळ-कानोली उपसा सिंचन योजनेचं भूमिपूजन झालं, उधना-जळगाव दुहेरी रेल्वेमार्गाचं लोकार्पण झालं आणि भुसावळ-बांद्रा खानदेश एक्स्प्रेसला हिरवा झेंडा दाखवला. रेल्वे सुरू झाली, चांगली चालते. आमच्या शिवारात योजनेचं पाणी अजून आलेलं नाही. गावात उन्हाळ्यात विहिरीत काय असतं ते तुम्ही टँकरच्या फाइलवर सही करताना बघतच असाल. तिकडे अमळनेरला पाडळसरे धरणाची तीच गत, नव्वदच्या दशकापासून सुरू आहे, माझ्या वयाची माणसं त्या धरणाच्या बातम्या वाचत मोठी झाली. तापी आपल्या तिन्ही जिल्ह्यांतून वाहते, उकाईला अडते आणि सुरतला जाते, आणि तिच्या काठची पोरंही त्याच वाटेनं जातात. पूर्वी निदान धुळ्याला, जळगावला, अमळनेरला गिरण्या होत्या. अमळनेरची प्रताप मिल तर 1906 ची. आता नरडाण्याला एमआयडीसी आहे, तिथे किती स्थानिक पोरं कायम आहेत ह्याचा आकडा जाहीर करा एवढंच म्हणतो.

रोजगार हमी म्हणाल तर ती महाराष्ट्रानंच देशाला दिली. आता नाव बदललं, शंभर दिवसांचे सव्वाशे झाले असं सांगतात. 2025-26 चा दर 312 रुपये होता. पण ऊसाचा मुकादम येतो दिवाळीच्या आधी हातात रोख घेऊन, आणि हमीचं काम निघतं कधी, मजुरी खात्यावर पडते कधी. माणूस गावात थांबावा असं वाटत असेल तर काम मुकादमाच्या आधी निघालं पाहिजे. ह्याला नवीन कायदा लागत नाही, नुसतं कॅलेंडर बघावं लागतं.

कॅलेंडरवरून आठवलं, हा मुद्दा कलेक्टर साहेबांसाठी. जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, म्हणजे माणसं मोजणार फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आमच्या पश्चिमेकडची पाडेच्या पाडे फडावर असतात, घराला काटे लावलेले असतात. ती माणसं तिकडे उघड्यावर, झोपड्यांत, कोण मोजायला जाणार? इथे नाहीत म्हणून इथे नाही आणि तिथे तात्पुरते म्हणून तिथे नाही असं झालं तर पुढच्या दहा वर्षांचं धान्य, अंगणवाड्या, निधी, सगळं त्या चुकीच्या आकड्यावर ठरेल. नंदुरबारची साक्षरता 2011 ला राज्यात सगळ्यात कमी, 64 टक्के होती, तिथे तर एकेक माणूस मोजला गेला पाहिजे. आतापासून गुजरातच्या तापी, सुरत, नवसारीच्या कलेक्टरांशी बोलणी करा. फेब्रुवारीत पत्र पाठवून काही होणार नाही.

माहिती गोळा करणं अवघड आहे असं म्हणू नका. महिला व बालविकास खात्यानं मायग्रेशन ट्रॅकिंग सिस्टीम सुरू केली, 2021 ला पहिल्यांदा ज्या जिल्ह्यांत करून बघितली त्यात नंदुरबार होतं. अंगणवाडी ताई गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान पोरांची नोंद करतात, कुठे गेली ते लिहितात. म्हणजे सरकारला जमतं. बाप आणि आजोबा तेवढे त्यात नाहीत. आणि सुप्रीम कोर्टानं 29 जून 2021 ला सांगितलेलंच आहे की असंघटित मजुरांची नोंदणी करा, स्थलांतरितांना रेशन द्या. 2020 च्या उन्हाळ्यात मुंबई-आग्रा हायवेवर धुळ्याजवळून माणसं पोरं खांद्यावर घेऊन चालत गेली तेव्हा आमच्या गावानं भाकरी-ठेचा नेऊन दिला होता. त्यांची पण कुठेच यादी नव्हती.

तर मागण्या. गोल गोल लिहीत नाही.

रेशनमधून "स्थलांतरित" म्हणून काढलेली नावं आधी परत घ्या. पुढे कोणाचं नाव काढायचं असेल तर त्या घरी आणि त्या नंबरवर फोन झाला पाहिजे, यादी ग्रामसभेत वाचली पाहिजे. ग्रामसभा पण माणसं गावात असतात तेव्हा घ्या : होळीला, आखाजीला, श्रावणात कानबाईला, दिवाळीला. केवायसीचे कॅम्प त्याच दिवसांत लावा.

प्रत्येक ग्रामपंचायतीत बाहेर जाणाऱ्यांचं रजिस्टर ठेवा. कुठे, कोणाकडे, कोणत्या ठेकेदारामार्फत, घरचा नंबर. सक्ती नको, ज्याला द्यायचंय तो देईल. हे रजिस्टर पोलीस व्हेरिफिकेशनसाठी वापरायचं नाही, हे आधी लिहून द्या नाहीतर कोणी नाव देणार नाही.

सुरतला लिंबायत-उधना भागात तिन्ही जिल्ह्यांचं मिळून एक मदत केंद्र पाहिजे. मोठी बिल्डिंग नको. एक गाळा, दोन माणसं, एक कॉम्प्युटर, अहिराणी आणि पावरी समजणारं कोणीतरी, आणि रविवारी चालू. रविवार महत्त्वाचा आहे. पुण्यालाही असंच.

महाराष्ट्र आणि गुजरातनं ऊसतोड मजुरांसाठी लेखी करार करावा : उचलीवर दीडपट वसुली बंद, बाईचा हिशोब बाईच्या नावावर, पोरांची शाळा, फडावर दवाखान्याची गाडी. हा विषय येत्या अधिवेशनात मांडणार का नाही हे प्रत्येक आमदारानं सांगावं.

कामावर वारलेल्या मजुराला गावी आणायचा खर्च जिल्हा प्रशासनानं करावा, ठेकेदाराकडून नंतर वसूल करा.

आणि सुलवाडे-जामफळचं पाणी कोणत्या गावाला कोणत्या महिन्यात, याचं गाववार वेळापत्रक छापा.

उत्तर मला पर्सनल मेसेजवर नको. माझा एकट्याचा प्रश्न कोणीतरी सोडवून देईल, तशी ऑफर एकानं दिली पण, भावाचं नाव उद्या जोडून देतो म्हणे. नको. उत्तर जाहीर द्या, सगळ्यांना दिसेल असं.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांना, म्हणजे सुरत, पुणे, नाशिक, कल्याणला असलेल्या आपल्या लोकांना आणि त्यांच्या गावातल्या घरच्यांना : येत्या ग्रामसभेत नावं परत घ्यायचा आणि रजिस्टरचा ठराव मांडा. ठरावाचा नमुना मी टाइप करून ठेवलाय, गावाचं नाव तेवढं बदलायचं. प्रिंट पाहिजे असेल तर दुकानावर या, ह्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
एक ऑनलाइन फॉर्मवाला
ता. शिंदखेडा, जि. धुळे